यंत्र कोणाची वाट पाहते?



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात इतिहास, अर्थकारण, वाङ्मय अशा भारदस्त विषयांवर आपण व्याख्याने ऐकत असता. त्यामानाने आम्ही आज एक अगदी घरगुती तक्रार घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. तक्रार अशी की, लॅपटॉपची कळ दाबली, शेगडीवर चहाचे आधण ठेवले, चहा झाला, पिऊनही झाला, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे! त्यातही ज्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिमा शेजारीशेजारी बसविलेल्या असतात, ज्यास 'ड्युअल बूट' असे म्हणतात, त्या लॅपटॉपची ही तक्रार आम्ही आज विचारासाठी घेतली आहे.

विषय लहान वाटेल. परंतु दोन कारणांनी तो लहान नाही. पहिले कारण पैशाचे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ साठी यंत्रात जी सामग्री लागते ती पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत नाही. अशा लॅपटॉपांच्या मालकांपैकी काहींनी जुनी विंडोज तशीच ठेवून तिच्या शेजारी लिनक्स आणून बसविले. कॉलेजात शिकणारी मुले तर हा उद्योग त्याच्याही आधीपासून करीत आली आहेत. आता असे यंत्र सुरू व्हावयास तीन तीन मिनिटे घेऊ लागले, की घरात एकच निर्णय होतो, 'हा म्हातारा झाला, नवा घ्या.' त्यासाठी जे हजारो रुपये मोजावे लागतात ते अनेक घरांत सहज उपलब्ध नसतात.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. नवा घेण्याची ऐपत नसेल तर दुसरा सल्ला तयारच असतो, 'फॉरमॅट मारा.' म्हणजे सगळे पुसून टाका आणि नव्याने मांडा. ज्या सहजतेने हा सल्ला दिला जातो, त्या सहजतेने पुसलेली गोष्ट परत येत नाही. मुलांची छायाचित्रे, हिशेब, लिहून ठेविलेले कागद, हे सर्व त्या एका शब्दाबरोबर जाते. सुरू होण्याचा वेळ दोन मिनिटांनी कमी करण्यासाठी दहा वर्षांचा संग्रह पणाला लावावयाचा, हा व्यवहार कसा काय शहाणपणाचा म्हणावा?

आमचे आजचे सांगणे थोडक्यात असे आहे. यंत्र मंद झाले म्हणजे ते थकले असा आपण अर्थ करतो. पुष्कळ वेळा ते थकलेले नसते, ते कोणाची तरी वाट पाहत असते. आणि ज्या यंत्रात दोन प्रणाली नांदतात त्यात तर, ज्याची वाट पाहावयाची तो मुळी घरातच उरलेला नाही, असेही घडते. म्हणून औषध देण्यापूर्वी, कोण कोणाची वाट पाहतो आहे आणि किती वेळ, हे मोजून काढले पाहिजे.

प्रथम ही व्यवस्था काय आहे ते पाहू. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडे असत. दिंडीदरवाजा एक, चौक एक, विहीर एक. पण चुली दोन. ड्युअल बूट लॅपटॉप हा असा वाडा आहे. डिस्क एकच, तिचे भिंती घालून विभाग केलेले. त्या विभागांना पार्टिशन म्हणतात. काही विभागांत विंडोज राहते, काहींत लिनक्स. एका वेळी एकच बिऱ्हाड जागे असते, दुसरे संपूर्ण निजलेले असते. त्यामुळे दोघांची गाठ कधीच पडत नाही, आणि एकाने चौकात काही फेरफार केला तर तो दुसऱ्याला सांगण्याची सोयही नसते. पुढील सर्व घोटाळ्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आता कळ दाबल्यापासून काय घडते? यंत्र सुरू करण्यास 'बूट' हा शब्द पडला तो बुटाच्या मागील पट्टीवरून. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःसच वर उचलावयाचे, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीतून तो आला. यंत्राचेही तसेच आहे. प्रणाली डिस्कवर असते. ती वाचावयास प्रणालीच हवी. मग पहिली हालचाल कोणी करावी? तर हे काम टप्प्याटप्प्याने होते आणि ते टप्पे चार आहेत.

पहिला टप्पा फर्मवेअरचा. हा यंत्राच्या पाटीवरच कोरलेला कार्यक्रम. तो स्मृती, डिस्क, कळफलक यांची हजेरी घेतो आणि आपल्याजवळच्या यादीप्रमाणे पुढे कोणास बोलवावयाचे ते ठरवितो. दुसरा टप्पा बूटलोडरचा. लिनक्सबरोबर येणारा 'ग्रब' हा वाड्याच्या देवडीवर बसलेला पहारेकरी. 'कोणाकडे जावयाचे? विंडोजकडे की लिनक्सकडे?' असे तो विचारतो आणि उत्तरासाठी काही सेकंद थांबतो. तिसरा टप्पा कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा. तो यंत्राचा ताबा घेतो. चौथा टप्पा सेवक मंडळींचा. जाळ्याशी जोडणी करणारा, ध्वनी पाहणारा, पडदा रंगविणारा, असे पुष्कळ लहान कार्यक्रम तेथे उठतात आणि अखेरीस आपल्यापुढे नाव व संकेतशब्द विचारणारी पाटी येते.

चार टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यात वेळ गेला हे ठाऊक नसता इलाज करणे म्हणजे, कोठे दुखते हे न विचारता काढा पाजणे होय. आणि मोजण्याचे साधन तर फुकट आहे. आज प्रचारात असलेल्या बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांत 'सिस्टिमडी' नावाची व्यवस्था ही सेवक मंडळी सांभाळते. ती २०१० मध्ये प्रथम बाहेर आली. तिला 'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइज' अशी आज्ञा दिली की ती एका ओळीत हिशेब देते: फर्मवेअरला इतके सेकंद, लोडरला इतके, कर्नलला इतके, सेवकांना इतके. विंडोजही अशी नोंद ठेवते. तिच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' नावाची वही आहे. तीत १०० या क्रमांकाची नोंद शोधली म्हणजे सुरू होण्यास किती मिलिसेकंद लागले ते मिळते. 'टास्क मॅनेजर'मध्ये स्टार्टअपच्या पानावर 'लास्ट बायॉस टाइम' असा आकडा बहुधा असतो. तो पहिल्या टप्प्याचा.

मोजताना दोन पथ्ये पाळावीत. एकदा मोजून निष्कर्ष काढू नये. तीनदा मोजावे, कारण एखाद्या दिवशी प्रणाली नवी दुरुस्ती बसवीत असते आणि तेवढ्यापुरताच वेळ वाढलेला असतो. दुसरे असे की, पहारेकऱ्याच्या पाटीपुढे आपणच विचार करीत बसलो, तर तो वेळही लोडरच्याच खात्यावर पडतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. तालुक्याच्या गावच्या एका शिक्षकांचा लॅपटॉप आमच्याकडे आला होता. त्यावर विंडोज १० आणि उबुंटू लिनक्स अशा दोन प्रणाली होत्या. गुरुजींनी गावोगाव हिंडून, वृद्ध बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. त्यांतल्या कित्येक बायका आज हयात नाहीत. ते सारे ध्वनिमुद्रण लिनक्सच्या विभागात होते आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. विंडोज ठीक उघडत असे. लिनक्स मात्र उघडता उघडत नसे. दोन ठिकाणी दाखवून झाले होते. एके ठिकाणी सांगितले, 'डिस्क गेली, नवी टाका.' दुसरीकडे सांगितले, 'फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.' गुरुजींनी यंत्र तेथे ठेविले नाही, हे त्या ओव्यांचे नशीब.

आम्ही प्रथम ध्वनिमुद्रणाची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर काढली आणि ती उघडते की नाही हे ऐकून पाहिले. त्यानंतर मोजले. फर्मवेअर ११ सेकंद, लोडर १२ सेकंद, कर्नल ३६ सेकंद, सेवक मंडळी ११६ सेकंद. एकूण १७५ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना पाचच कमी.

या आकड्यांकडे जरा पाहावे. डिस्क मरणाला टेकली असती तर सर्वच टप्पे कमीअधिक रखडले असते आणि दर वेळी निराळे आकडे आले असते. येथे तीनदा मोजले तरी आकडे जवळजवळ तेच. शरीराचा अशक्तपणा असा मोजूनमापून येत नाही. असा नियमितपणा दिसला, की कोठेतरी ठरावीक मुदतीचे थांबणे आहे असा संशय घ्यावा.

मग सुरू होताना पडद्यावरचे शोभेचे चित्र बाजूस सारण्यासाठी एस्केप कळ दाबली, तेव्हा चित्रामागची अक्षरे दिसली. एका डिस्क विभागासाठी काम थांबले असून त्यास दीड मिनिटाची मुदत आहे, असे तेथे लिहिले होते. सेकंद एक एक करून वाढत होते आणि नव्वद पुरे होताच यंत्राने नाद सोडला व ते पुढे गेले. लिनक्सच्या रोजनाम्यातही, म्हणजे 'जर्नल'मध्ये, त्या विभागाची वाट पाहून मुदत संपली, अशी नोंद होती.

हा विभाग कोणता? लिनक्समध्ये 'स्वॅप' नावाची एक जागा असते. स्मृती अपुरी पडली तर काही मजकूर तात्पुरता ठेवण्याची ती कोठी. गुरुजींच्या यंत्रात तिला स्वतंत्र विभाग दिलेला होता. विंडोजला या कोठीचे प्रयोजन कळत नाही. तिच्या डिस्क व्यवस्थापनाच्या पाटीवर असा विभाग अक्षर न मिळालेला, बिननावाचा दिसतो. घरातल्या कोणीतरी विंडोजमध्ये बसून तो 'रिकामा' म्हणून पुसला आणि तेथे विंडोजचा नवा विभाग करून त्यात चित्रपट भरले. विंडोजच्या दृष्टीने सारे यथास्थित झाले. लिनक्स तेव्हा निजलेले होते. त्याला कोण सांगणार?

लिनक्सजवळ 'एफ्-एस्-टॅब' नावाची एक लहानशी फाइल असते. सुरू होताना कोणकोणते विभाग हजर असले पाहिजेत त्याची ती यादी. प्रत्येक विभागास एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, त्यास यू. यू. आय्. डी. म्हणतात. स्वॅप नाहीसे झाले, पण यादीतला त्याचा क्रमांक तसाच राहिला. त्यामुळे लिनक्स दररोज सकाळी उठून त्या नाहीशा झालेल्या कोठीची नव्वद सेकंद वाट पाहत असे. इतकेच नव्हे, तर कर्नलच्या टप्प्यातही तोच घोळ होता. यंत्र मागे 'हायबरनेट' केले असेल तर त्याची जपून ठेविलेली अवस्था स्वॅपमध्ये असते. म्हणून सुरुवातीची लहान प्रणाली आधी तेथे डोकावून पाहते. तिच्याजवळही तोच जुना क्रमांक होता, आणि तीही सुमारे अर्धा मिनिट वाट पाहत असे. ९० आणि ३० मिळून १२० सेकंद! एकूण १७५ सेकंदांपैकी १२० सेकंद यंत्र काहीही काम करीत नव्हते.

इलाज सोपा होता. प्रथम हजर असलेल्या विभागांचे क्रमांक 'एल्-एस्-बी-एल्-के एफ्' या आज्ञेने पाहिले आणि यादीशी ताडून पाहिले. यादीतील जुन्या ओळीच्या आरंभी एक 'हॅश'चे चिन्ह घातले. ओळ पुसली नाही. चिन्हाने ती निष्क्रिय होते आणि हवी असल्यास परत आणता येते. डिस्कवर एक साधी स्वॅप फाइल करून तिची ओळ यादीत घातली. 'रिझ्यूम'च्या फाइलमधील जुना क्रमांक काढून 'नन' असे लिहिले आणि सुरुवातीची लहान प्रणाली 'अपडेट-इनिट्‌रॅमएफ्एस् यू' या आज्ञेने पुन्हा बांधली; ते न केल्यास जुना क्रमांक तिच्या पोटात तसाच राहतो. शेवटी देवडीवरच्या पहाऱ्याकडे वळलो. उबुंटूत दुसरी प्रणाली आढळली, की पहारेकरी दहा सेकंद थांबतो. ती मुदत तीन सेकंद केली. पुन्हा मोजले: फर्मवेअर ११, लोडर ५, कर्नल ६, सेवक मंडळी २६. एकूण ४८ सेकंद. नवी डिस्क नाही, फॉरमॅट नाही, एक रुपयाही खर्च नाही. आणि ओव्या जेथे होत्या तेथेच.

या उदाहरणावरून एक सावधगिरी सांगावीशी वाटते. सिस्टिमडीला 'ब्लेम' अशी आज्ञा देता येते. ब्लेम म्हणजे दोष. तिने कोणत्या सेवकाने उठावयास किती वेळ घेतला याची उतरत्या क्रमाने यादी मिळते. लोक ती पाहतात आणि वरच्या दोनचार नावांवर कुऱ्हाड चालवितात. परंतु ती दोषींची यादी नसून केवळ अवधींची यादी आहे. सेवक एकाच वेळी, शेजारीशेजारी उठत असतात. त्यामुळे त्यांच्या अवधींची बेरीज करावयाची नसते. लग्नघरात आचाऱ्याला चार तास लागले आणि मांडववाल्याला तीन, म्हणून कार्यास सात तास लागले असे होत नाही. शिवाय एखादा सेवक स्वतः काहीच करीत नसतो, तो दुसऱ्यासाठी ताटकळत असतो, आणि नाव त्याचे लागते. 'जाळे जोडले जाईपर्यंत थांबा' एवढेच काम असलेला सेवक हे त्याचे ठळक उदाहरण. 'सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन' नावाचा असा सेवक जाळे न मिळाल्यास दोन मिनिटेपर्यंत थांबतो. घरच्या लॅपटॉपात त्याची बहुधा गरज नसते. पण ज्याच्या फाइली सुरू होतानाच दुसऱ्या यंत्रावरून यावयाच्या असतात, त्याला तो हवा. आणि गुरुजींच्या यंत्रात तर खरा घोटाळा या यादीत नव्हताच! जो आलाच नाही त्याला उठावयास किती वेळ लागला, हे यादी कसे सांगणार? म्हणून 'क्रिटिकल-चेन' ही दुसरी आज्ञा द्यावी. कोण कोणासाठी अडला ती साखळी ती दाखविते, आणि साखळीत मध्येच मोठे अंतर पडलेले दिसले की तेथे रोजनामा उघडून पाहावा.

आता दुसऱ्या बिऱ्हाडाकडे, म्हणजे विंडोजकडे वळू. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. आपण 'शट डाउन' म्हणतो तेव्हा, ही सोय चालू असल्यास, विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. आपले चालू कार्यक्रम ती मिटते, पण स्वतःच्या गाभ्याची अवस्था डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवून ठेवते आणि पुढच्या वेळी ती उचलून लगेच उभी राहते. 'रीस्टार्ट' केले तर मात्र सर्व काही नव्याने होते. म्हणून मोजताना दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजावेत, नाहीतर निष्कर्ष चुकतो.

एकट्या विंडोजच्या घरात ही सोय उपकारक आहे. दोन बिऱ्हाडांच्या वाड्यात तिच्यामुळे तंटा उद्भवतो. विंडोज आपल्या खोलीस कुलूप न लावता, ताट अर्धे वाढलेले ठेवून बाहेर गेलेली असते. अशा वेळी लिनक्सने तिच्या विभागात लिहावयास जावे, तर फाइलींचा घोळ होऊन त्या नासण्याचा धोका असतो. म्हणून लिनक्स तो विभाग बहुधा वाचण्यापुरताच उघडते किंवा उघडण्याचे नाकारते. तो विभाग एफ्-एस्-टॅबच्या यादीत 'अवश्य हजर' म्हणून लिहिलेला असेल, तर नकारामुळे लिनक्स सुरू होता होता दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबते. उलट, विभाग अर्धवट अवस्थेत सापडल्यास विंडोज पुढच्या वेळी त्याची तपासणी करीत बसते आणि मोठ्या डिस्कवर ती पुष्कळ वेळ खाते. तेव्हा ज्यांना दोन्ही प्रणालींतून एकच विभाग वापरावयाचा आहे, त्यांनी फास्ट स्टार्टअप बंद ठेवावे. विंडोजला उघडावयास थोडे सेकंद अधिक लागतील; फाइली सुरक्षित राहतील. लिनक्सच्या यादीत त्या विभागापुढे 'नोफेल' हा शब्द घालावा, म्हणजे तो न मिळाल्यास काम अडून राहत नाही.

याच वाड्यातला आणखी एक तंटा घड्याळाचा. यंत्राच्या पाटीवर एक लहान घड्याळ असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे धरते. लिनक्स सामान्यतः त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे असे धरते. आपल्याकडे दोहोंत साडेपाच तासांचे अंतर. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. याने यंत्र मंद होत नाही. पण वेळ चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि लोक त्याचाही दोष मंदपणाच्या खात्यावर घालतात. दोहोंपैकी एका प्रणालीस दुसरीची रीत शिकविली की हा तंटा मिटतो.

येथवर ऐकून कोणास वाटेल की, यंत्र खरोखरीच मंद कधी नसतेच. तसे आमचे म्हणणे नाही. जुन्या लॅपटॉपातली फिरती हार्डडिस्क घ्या. ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास ११ मिलिसेकंद लागले. हवा तो मजकूर सुईखाली यावयास सरासरी अर्धा फेरा, आणि सुई योग्य वर्तुळावर न्यावयास आणखी दहाबारा मिलिसेकंद. अशा रीतीने विखुरलेला प्रत्येक तुकडा वाचावयास सोळासतरा मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला साठच तुकडे वाचून होतात. समजा, सुरू होताना असे तीन हजार तुकडे वाचावयाचे आहेत. मग पन्नास सेकंद लागणारच. न फिरणाऱ्या एस्. एस्. डी. मध्ये असा तुकडा मिळावयास सुमारे एक दशांश मिलिसेकंद पुरतो. त्याच तीन हजार तुकड्यांस अर्धा सेकंदही लागत नाही. तेव्हा वाट पाहण्याची सर्व कारणे काढून टाकल्यावरही यंत्र रखडत असेल, आणि आत फिरती डिस्क असेल, तर एस्. एस्. डी. साठी केलेला खर्च सार्थकी लागतो. मात्र हा क्रम उलटा करू नये. गुरुजींच्या यंत्रात नवी एस्. एस्. डी. बसवून जुनी प्रणाली जशीच्या तशी उतरविली असती, तरी ते १२० सेकंद जसेच्या तसे राहिले असते. नाहीशा झालेल्या कोठीची वाट वेगवान डिस्कवरही तितकाच वेळ पाहावी लागते.

आणि एक प्रकार असा आहे की तेथे घाई करावी. डिस्क खरोखरच बिघडू लागली असेल, तर ती एकच तुकडा पुन्हापुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते. रोजनाम्यात वाचनदोषाच्या नोंदी दिसतात, आणि डिस्कच्या स्वतःच्या 'स्मार्ट' नावाच्या प्रकृतिपत्रकात निकामी झालेल्या जागांचा आकडा वाढत जातो. अशा डिस्कवर मोजमाप किंवा दुरुस्ती करीत बसू नये. आधी आपला मजकूर दुसरीकडे काढून घ्यावा आणि मगच पुढचा विचार करावा.

शेवटी कामाचा क्रम सांगतो. पहिले काम, मजकुराची प्रत काढणे आणि ती उघडून पाहणे. दुसरे, विंडोजचा विभाग 'बिटलॉकर'ने कुलूपबंद आहे की काय हे तपासणे. पुष्कळ नव्या यंत्रांत मालकाने न सांगताही असे कुलूप लागलेले असते. फर्मवेअरमध्ये किंवा सुरू होण्याच्या क्रमात फेरफार केल्यास विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकते, आणि ती जवळ नसेल तर आतला मजकूर आपला असूनही आपल्याला पारखा होतो. ती किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवावी. तिसरे, तीनदा मोजून चारही टप्प्यांचे आकडे लिहून ठेवावेत. चौथे, ज्या टप्प्यात आकडा मोठा, तेवढाच उघडावा. पहिल्या टप्प्यात असेल तर फर्मवेअरच्या यादीत जाळ्यावरून सुरू होण्याचा पर्याय सर्वांत वर बसला आहे की काय ते पाहावे. तसे असल्यास यंत्र दररोज न येणाऱ्या उत्तरासाठी थांबते. पाचवे, एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. पाच बदल एकदम केले आणि गुण आला, तर कशाने आला ते कळत नाही. आणि बिघाड झाला तर कशाने झाला तेही कळत नाही.

श्रोतेहो, ही शिस्त काही यंत्रशास्त्रातील गुपित नाही. आपल्याकडचे चांगले वैद्य नाडी पाहिल्यावाचून पुडी बांधीत नसत. आज यंत्रे घरोघर आली, पण त्यांच्याविषयी बोलताना आपण अजून 'बिघडले', 'म्हातारे झाले', 'व्हायरस शिरला' अशा मोघम शब्दांवर भागवितो, आणि मोघम दुखण्यावर मोघम आणि महाग औषध मिळते. मंदपणास आकडा दिला, त्यास टप्पा नेमून दिला, म्हणजे दुकानात गेल्यावरही आपण निराळ्या रीतीने बोलू लागतो. 'लॅपटॉप मंद आहे' असे न म्हणता, 'चौथ्या टप्प्यात नव्वद सेकंद एका विभागाची वाट पाहिली जाते' असे म्हटले, तर समोरचा माणूसही फॉरमॅटचे नाव काढण्यापूर्वी क्षणभर थांबेल.

ज्यांच्या घरी असा लॅपटॉप असेल त्यांनी आज घरी गेल्यावर दुरुस्ती करू नये. घड्याळ समोर ठेवून यंत्र सुरू करावे, आकडे एका कागदावर लिहावेत आणि आपल्या मजकुराची दुसरी प्रत कोठे आहे हे स्वतःस विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोठेही नाही' असे आले, तर उद्या सकाळी सर्वांआधी तेच काम हाती घ्यावे.